पक्षातलं भांडण देशाच्या मतपेटीत

ब्रेक्झिट, म्हणजे २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, म्हटलं की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ब्रिटिशांनी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि दुसरी म्हणजे बघा, साध्या माणसाने लंडनच्या शहाण्यांना कसं ताळ्यावर आणलं. मग व्यापार, इमिग्रेशन, सार्वभौमत्व यावर तावातावाने चर्चा होते आणि तिकडच्या पक्षांचं काय झालं हा मुद्दा राहूनच जातो. २०१७ च्या निवडणुकीत हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि मजूर (लेबर) या दोन पक्षांना मिळून ८२ टक्के मतं होती, २०२४ मध्ये तीच मिळून ५७ टक्क्यांच्या आसपास आली. सात वर्षांत. ज्या देशाची दोनपक्षीय पद्धत आपण शाळेत नागरिकशास्त्रात आदर्श म्हणून शिकलो त्या देशात हे झालंय.

यावर झटपट निष्कर्ष असा काढला जातो की सार्वमत हा प्रकारच वाईट, लोकांना असले अवघड प्रश्न विचारूच नयेत. मला हे अजिबात पटत नाही. युरोपच्या सदस्यत्वावर किंवा युरोपीय करारांवर आयर्लंडमध्ये, डेन्मार्कमध्ये पुन्हापुन्हा मतदान झालंय, सरकारं त्यात हरलीत, आणि तिथले पक्ष जागेवर राहिलेत. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांना विचारलं म्हणून पक्ष मोडत नाहीत, पक्षाला स्वतःचं घरातलं भांडण मिटवता येत नाही म्हणून तो ते लोकांच्या दारात नेऊन टाकतो तेव्हा मोडतो. आणि ब्रिटनने हे एकदा नाही, दोनदा केलंय.

पहिल्या वेळेची गोष्ट लोक विसरतात कारण तेव्हा निकाल 'राहू या' असा लागला होता. १९७० च्या सुमारास मजूर पक्षात कॉमन मार्केटवरून, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावतारावरून, उभी फूट होती. पक्षाचे एक नेते टोनी बेन यांनी सार्वमताची कल्पना मांडली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण जेम्स कॅलाहन, जे पुढे पंतप्रधान झाले, ते म्हणाले की ही छोटी रबरी होडी आहे, एक दिवस अख्ख्या पक्षाला तिच्यात चढावं लागेल. माणूस धूर्त होता. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाच्या ६९ खासदारांनी पक्षादेश झुगारून हुजूर पक्षाच्या हीथ सरकारबरोबर युरोपात जाण्याच्या बाजूने मत दिलं, त्यांचं नेतृत्व रॉय जेंकिन्स करत होते, आणि पुढच्या वर्षी पक्षाने सार्वमताची मागणी स्वीकारल्यावर जेंकिन्सनी उपनेतेपद सोडलं. १९७३ च्या १ जानेवारीला ब्रिटन आत गेला, १९७४ मध्ये मजूर पक्षाचे विल्सन परत पंतप्रधान झाले, त्यांनी अटींवर 'फेरवाटाघाटी' केल्यासारखं केलं आणि ५ जून १९७५ ला लोकांना विचारलं.

त्या प्रचारातलं एक दृश्य बघण्यासारखं आहे. बीबीसीवर एका टेबलाशी बेन आणि जेंकिन्स समोरासमोर बसलेत, दोघंही एकाच मंत्रिमंडळातले, एक उद्योगमंत्री आणि एक गृहमंत्री, आणि एकमेकांचे मुद्दे खोडतायत, तेही अगदी सभ्यपणे. विल्सननी मंत्र्यांना मोकळीक दिली होती, मंत्रिमंडळात १६ बाजूने आणि ७ विरोधात, आणि खुद्द मजूर पक्षाच्या खास अधिवेशनात सरकारच्या भूमिकेविरुद्ध जवळपास दोनास एक असं मतदान झालेलं. म्हणजे पंतप्रधान स्वतःच्याच पक्षाविरुद्ध प्रचार करत होते आणि त्यांच्या मदतीला कोण, तर विरोधी पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर, युरोपातल्या देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून. (थॅचरबाईंचा तो फोटो नंतर त्यांच्या भक्तांना फार जड गेला असणार.)

निकाल ६७ टक्के हो. दोनास एक. विल्सननी आठवड्याभरात बेनना उद्योग खात्यातून उचलून ऊर्जा खात्यात टाकलं आणि घोडं गंगेत न्हालं असं सगळ्यांनी धरलं. पण बेन आणि त्यांच्यामागचे कार्यकर्ते, युनियनवाले, ते कुठे गेले नव्हते, ते मतपेटीत हरले होते पण पक्षातल्या शाखांमध्ये त्यांचंच राज्य होतं, आणि १९८० च्या अधिवेशनात पक्षाने ठरावच केला की युरोपातून बाहेर पडायचं. जानेवारी १९८१ मध्ये जेंकिन्स, शर्ली विल्यम्स, डेव्हिड ओवेन आणि बिल रॉजर्स या चौघांनी वेगळी चूल मांडायची घोषणा केली. फुटीला फक्त युरोप कारण नव्हता, अण्वस्त्रं होती, नेता निवडायची पद्धत होती, पण चौघांना एकत्र आणणारा धागा बराचसा १९७१ च्या त्या बंडाचाच होता. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने बाहेर पडायचं वचन दिलं, तेही पुन्हा सार्वमत न घेता! म्हणजे आठ वर्षांपूर्वी दोनतृतीयांश जनतेने दिलेला कौल त्यांच्या लेखी संपला होता. त्या निवडणुकीत मजूर पक्ष २७.६ टक्क्यांवर, आणि फुटलेल्यांची लिबरलांबरोबरची आघाडी २५.४ वर. जागा मात्र २०९ विरुद्ध २३, हे तिकडच्या मतदानपद्धतीचं गणित, ते पुढे पुन्हा येईल.

तर इतका मोठा कौल सुद्धा पक्षातला वाद मिटवू शकला नाही. मग २०१६ चा ५२-४८ तो काय मिटवणार होता?

डेव्हिड कॅमेरॉन हा माणूस मला नेहमी नवल वाटायला लावतो. २००६ मध्ये हुजूर पक्षाचा नेता म्हणून पहिल्याच अधिवेशनात त्याने आपल्या लोकांना सांगितलं होतं की सारखं युरोप युरोप करत बसू नका, लोकांना शाळा, दवाखाने, पाळणाघरं हवीयत. आणि त्याचं निदान बरोबर होतं! तेव्हाच्या सगळ्या पाहण्यांमध्ये सामान्य मतदाराच्या काळजीच्या यादीत युरोप खूप खाली होता. युरोप ही हुजूर पक्षातली काळजी होती. जॉन मेजर पंतप्रधान असताना युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिक्ट करारावरून पक्षाने स्वतःच्याच पंतप्रधानाला जेरीस आणलं होतं, ते दुखणं अंगात तसंच मुरलेलं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ८१ हुजूर खासदारांनी सार्वमताच्या ठरावाला पाठिंबा देऊन बंड केलं, बाहेरून नायजेल फराज यांचा यूकिप हा युरोपविरोधी पक्ष मतं खात होता, आणि जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरॉनने लंडनच्या ब्लूमबर्गच्या इमारतीत भाषण करून टाकलं की पुढच्या वेळी निवडून दिलंत तर आत-बाहेरचा फैसला तुम्हीच करा.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कारण यूकिपला २०१५ मध्ये जवळपास ३९ लाख मतं पडून जागा मिळाली किती, तर एक. ज्या पक्षाला निवडणूकपद्धतीने दाराबाहेर ठेवलं होतं त्याचा कार्यक्रम पंतप्रधानाने स्वतः आत आणून सोफ्यावर बसवला. आणि यात मजूर पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही, जून २०१५ मध्ये सार्वमताचं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आलं तेव्हा ५४४ विरुद्ध ५३ ने पुढे गेलं, विरोधात मुख्यतः स्कॉटिश नॅशनल पक्ष. अशा विधेयकाला विरोध केला तर 'लोकांना घाबरता का' हा प्रश्न येतो, म्हणून सगळ्यांनी हात वर केले, आणि त्या कायद्यात निकालानंतर काय करायचं याबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं. 'बाहेर' म्हणजे कसं बाहेर? नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहून बाहेर, की पार बाहेर? आयर्लंडच्या सीमेचं काय? सरकारने 'लीव्ह' निकालाची तयारी करायलाच अधिकाऱ्यांना मनाई केली होती, आणि संसदेच्या परराष्ट्र समितीने नंतर याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. यावर मी काय भर घालणार.

पुढे पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सनची तऱ्हा तर त्याहून भारी. फेब्रुवारी २०१६ मध्ये बाजू जाहीर करायच्या आधी त्याने दोन लेख लिहून ठेवले होते, एक बाहेर पडण्याच्या बाजूचा आणि एक राहण्याच्या. छापला पहिला. युरोपचा प्रश्न हा देशाचा जीवनमरणाचा वगैरे प्रश्न होता की हुजूर पक्षाच्या पुढच्या नेत्याची निवड होती, हे ठरवायला मला तेवढा एक तपशील पुरतो.

२३ जूनला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल, बाहेर १ कोटी ७४ लाख, आत १ कोटी ६१ लाख. कॅमेरॉनने सकाळीच राजीनामा जाहीर केला. पाच दिवसांत मजूर खासदारांनी आपल्याच नेत्यावर, कॉर्बिनवर, १७२ विरुद्ध ४० अविश्वास दाखवला, आणि सप्टेंबरमध्ये सामान्य सदस्यांनी त्याच कॉर्बिनला ६० टक्क्यांहून जास्त मतांनी परत बसवलं. म्हणजे एकाच सार्वमताने एका पक्षाचा नेता गेला आणि दुसऱ्या पक्षात खासदार एकीकडे आणि सदस्य दुसरीकडे असं झालं.

मजूर पक्षाची अडचण नीट समजून घ्यायला हवी, कारण माझ्या मते खरी करुण कहाणी तीच आहे. त्यांच्या मतदारांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांनी 'राहू या' म्हटलं होतं, पण त्यांच्या मतदारसंघांपैकी अंदाजे दोनतृतीयांशांत बहुमत 'जाऊ या'चं होतं. हे कोडं वाटतं पण नाहीये, राहू म्हणणारे मतदार लंडन, मँचेस्टर, ब्रिस्टल असे शहरांत गोळा झालेले आणि जाऊ म्हणणारे जुन्या खाणींच्या, गिरण्यांच्या गावांत पसरलेले. सार्वमतात देश एक मतदारसंघ असतो म्हणून तिथे हे दिसत नाही, पण नंतर निवडणूक ६५० तुकड्यांत होते आणि तिथे हा पक्ष दोन्ही बाजूंनी कापला गेला. अशा वेळी नेता काय करणार? कॉर्बिनने २०१९ मध्ये केलं ते 'नरो वा कुंजरो वा': आम्ही नवा करार करू, मग पुन्हा सार्वमत घेऊ, आणि त्यात मी स्वतः तटस्थ राहीन. धर्मराजाचा रथ तरी तोवर चार बोटं वर होता, यांचा आधीच जमिनीत रुतला होता.

बोल्सओव्हर नावाचा डर्बीशरमधला खाणकामगारांचा मतदारसंघ आहे. डेनिस स्किनर, स्वतः खाणीत काम केलेला माणूस, १९७० पासून तिथला खासदार. आणि गंमत म्हणजे स्किनर पहिल्यापासून युरोपविरोधी, २०१६ मध्ये स्वतः 'जाऊ या'च्या बाजूचा. तरी २०१९ मध्ये तो हरला, हुजूर उमेदवाराकडून. त्याचं वैयक्तिक मत काय हे कुणी विचारलंच नाही, त्याच्या छातीवरचा बिल्ला कुठला हे बघितलं. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी तेव्हा नोंदवलंय की लोक स्वतःची ओळख 'मी मजूर', 'मी हुजूर' अशी सांगण्यापेक्षा 'मी लीव्हर', 'मी रिमेनर' अशी जास्त जोरात सांगायला लागले होते. २०१५ पर्यंत जी ओळख अस्तित्वातच नव्हती ती तीन वर्षांत आजोबांपासून चालत आलेल्या पक्षनिष्ठेपेक्षा घट्ट झाली. हे काम सार्वमताने केलं. त्यात तिसरा पर्याय नसतो, 'काही अंशी' नसतं, चौकट एक की दोन, आणि एकदा खूण केली की माणूस त्या खुणेच्या बाजूने युक्तिवाद गोळा करत राहतो.

हुजूर पक्ष जिंकला असं वाटेल, २०१९ मध्ये ३६५ जागा, पण त्याची किंमत बघा. कॅमेरॉननंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी केलेला बाहेर पडण्याचा करार जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ ने पडला, मार्चमध्ये आणखी दोनदा पडला, मधे एका संध्याकाळी कॉमन्सने आठ वेगवेगळे पर्याय मतदानाला टाकले आणि आठही फेटाळले. मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत सत्ताधारी पक्ष ८.८ टक्के घेऊन पाचवा आला. पाचवा! मग जॉन्सन आले. ३ सप्टेंबर २०१९ च्या दुपारी ते सभागृहात बोलत उभे असताना फिलिप ली नावाचा त्यांचाच एक खासदार शांतपणे उठला, चालत समोरच्या बाजूला गेला आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या बाकावर जाऊन बसला, आणि त्या काही पावलांत सरकारचं एका मताचं बहुमत संपलं. त्याच रात्री जॉन्सनचे मंत्री जेकब रीस-मॉग पुढच्या बाकावर आडवे झालेले आख्ख्या जगाने पाहिले. आणि त्याच रात्री सरकारच्या विरोधात मत दिलं म्हणून २१ हुजूर खासदारांना पक्षाने बाहेर काढलं, त्यात केनेथ क्लार्क, जे १९७० पासून खासदार आणि माजी अर्थमंत्री, आणि निकोलस सोम्स, चर्चिलचा नातू. चर्चिलच्या नातवाला हुजूर पक्षात जागा नाही, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

माझ्या मते इथे पक्ष संपला, २०२४ मध्ये फक्त कागदपत्रं झाली. ज्या पक्षाचं वैशिष्ट्यच हे होतं की त्यात सगळ्या छटांचे लोक सत्तेसाठी एकत्र नांदतात, त्याने एका उत्तराची परीक्षा लावली आणि नापास झालेल्यांना घालवलं. उरलेल्यांना धरून ठेवायला 'ब्रेक्झिट पूर्ण करू' एवढीच घोषणा होती, ती ३१ जानेवारी २०२० ला पूर्ण झाली आणि घोषणा संपली. त्यानंतर कोविड, लॉकडाऊनमधल्या सरकारी पार्ट्या, ट्रसबाईंचे ते जेमतेम सात आठवडे, सुनक, आणि जुलै २०२४ ला १२१ जागा.

या सगळ्यात आपल्या लोकांचा संबंध कुठे येतो ते सांगतो, कारण तो खराच येतो. २०१६ च्या त्या सार्वमतात राष्ट्रकुल देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना मत होतं. म्हणजे पुण्याहून वर्क व्हिसावर गेलेला, भारतीय पासपोर्टवाला आयटीतला मुलगा, मतदार यादीत नाव असेल तर, ब्रिटनने युरोपात राहावं का यावर मत देऊ शकत होता. आणि स्विंडनमध्ये राहणारा गोवेकर, जो आजोबांच्या १९६१ आधीच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिथे आला, तिथेच काम करतो, पोरं तिथल्या शाळेत, तो युरोपीय नागरिक म्हणून मोजला गेल्यामुळे त्याला मत नव्हतं, आणि निर्णय त्याच्याच राहण्याच्या हक्काचा होता. स्विंडनने मत दिलं ते पण बाहेर पडायच्या बाजूने. आणखी एक, हुजूर पक्षाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी हाउसवाल्यांना सांगितलं होतं की युरोपातून येणारे कमी झाले की तुमच्याकडचे आचारी आणणं सोपं होईल. बऱ्याच दक्षिण आशियाई मतदारांना ते पटलंही. पुढे युरोपीय लोकांचं येणं खरंच घटलं, २०२१ पासून नवी पॉइंटवाली व्हिसापद्धत आली आणि भारतातून विद्यार्थी, नर्सेस, केअर होममधले कामगार मोठ्या संख्येने गेले, जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं. ज्या बोल्सओव्हरवाल्याने माणसं कमी यावीत म्हणून मत दिलं होतं त्याला हे कळल्यावर तो कुणाकडे जाणार? फराजकडे. हुजूर पक्षाने सार्वमत जिंकवून दिलं आणि त्याच विजयाने फराजला पुढच्या निवडणुकीचा मुद्दा आयता मिळाला. २०२४ मध्ये त्यांच्या रिफॉर्म पक्षाला १४ टक्के, २०२५ च्या मे महिन्यात रनकॉर्नची पोटनिवडणूक सहा मतांनी त्यांच्या खिशात, आणि ती जागा मजूर पक्षाची होती.

आता दुसरी बाजू. आयर्लंडमध्ये १९८७ च्या क्रॉटी खटल्यापासून पक्कं झालं की युरोपीय कराराने राज्यघटनेला हात लागत असेल तर लोकांना विचारावंच लागेल. पंतप्रधानाची मर्जी नाही, नियम. २००८ च्या जूनमध्ये युरोपीय संघाच्या लिस्बन कराराला ५३.४ टक्क्यांनी 'नाही' आलं, सगळे मोठे पक्ष 'हो'च्या बाजूने असताना. सरकार पडलं नाही, कुणाचा पक्ष फुटला नाही, काही हमी मिळवल्या आणि २००९ मध्ये ६७ टक्के 'हो' आलं. यावर टीका होते की हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले, आणि टीकेत तथ्य आहे. पण तिथला सत्ताधारी फियाना फॉल पक्ष २०११ मध्ये २० जागांवर कोसळला तो बँका बुडाल्या म्हणून, युरोपमुळे नाही.

डेन्मार्कचं मला जास्त आवडतं. तिथल्या घटनेच्या विसाव्या कलमात आहे की सार्वभौम अधिकार बाहेर द्यायचे तर संसदेत पाचषष्ठांश बहुमत लागेल, १७९ पैकी १५०, नाहीतर सार्वमत. त्यामुळे डेनिश मतदाराला सवयच झाली. त्यांनी युरोपविरोधी एक चळवळ उभी केली जी फक्त युरोपीय संसदेच्या निवडणुका लढवायची, देशातल्या नाही, आणि १९७९ च्या पहिल्या युरोपीय निवडणुकीत तिने सुमारे एक पंचमांश मतं घेतली. म्हणजे माणूस युरोपावर चळवळीला मत देणार आणि घरी आपल्या नेहमीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला देणार. पक्षही वाचला आणि विरोधही नोंदला गेला. १९९२ मध्ये मास्ट्रिक्टला ५०.७ टक्के 'नाही' आलं तरी पंतप्रधान श्लुटर गेले नाहीत. सहासात महिन्यांनी गेले ते तमिळ निर्वासितांच्या कुटुंबीयांचे अर्ज अडवून ठेवल्याच्या प्रकरणात. तोवर सात पक्षांनी बसून चार सवलतींचा मसुदा केला होता, तो युरोपकडून मान्य करून घेतला होता, आणि १९९३ मध्ये लोकांनी तो स्वीकारला.

नॉर्वेचं उदाहरण या दोन टोकांच्या मधलं आहे. तिथे सार्वमत सल्ल्यापुरतं, सक्ती नाही. १९७२ मध्ये युरोपात जायचं का या प्रश्नावर पंतप्रधान ब्रात्तेली यांनी आपली खुर्चीच पणाला लावली, ५३.५ टक्के 'नाही' आलं, ते गेले, वर्षभरात त्यांचा मजूर पक्ष ४६ वरून ३५ टक्क्यांवर आला आणि जुना लिबरल पक्ष तर दुभंगलाच. पण ते शिकले. १९९४ च्या वेळी पंतप्रधान ब्रुंटलांडबाईंनी पक्षातल्या विरोधकांना पक्षातच राहून आपला अधिकृत गट करू दिला, राजीनाम्याची भाषा केली नाही, ५२.२ टक्के 'नाही' येऊन हरल्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या. जे पक्ष या प्रश्नावर एकत्र येऊ शकत नाहीत ते तिथे सरकार बनवताना आधीच लिहून ठेवतात की सदस्यत्वाचा अर्ज करायचा विषय काढला तर सरकार संपलं, याला ते आत्महत्या कलम म्हणतात. थोडं विनोदी आहे, पण चालतं.

यावर कुणी म्हणेल की हे छोटे देश, प्रमाणशीर मतदानपद्धत, तिथे पाचसात पक्ष असतातच, ब्रिटनशी तुलना कशाला. बरोबर आहे, पद्धतीचा हात मोठा आहे. ब्रिटनमध्ये युरोपविरोधी माणसाला जायला वेगळी जागाच नव्हती म्हणून तो हुजूर पक्षात बसून पक्ष पोखरत राहिला. पण पद्धत हे पूर्ण उत्तर नाही, आणि यासाठी मला युरोपात जायचीही गरज नाही, पणजीपर्यंत पुरे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. पद्धत ब्रिटनचीच, जास्त मतं त्याची जागा. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जन्मच विलीनीकरणासाठी झालेला, तो हरला. आणि मार्चच्या अखेरीस विधानसभा निवडणूक झाली त्यात ३० पैकी १६ जागा घेऊन तोच पक्ष सत्तेवर आला, बांदोडकरच मुख्यमंत्री. का? एक तर प्रश्न संसदेने कायदा करून विचारला होता आणि बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता, म्हणजे कौल हा मुख्यमंत्र्याच्या खुर्चीचा नव्हता. दुसरं, मगो हा विलीनीकरणापलीकडेही काहीतरी होता, कुळांचा, बहुजन समाजाचा, गावोगावच्या प्राथमिक शाळांचा पक्ष होता. फूल हरलं तरी तो माणूस पक्षाकडेच राहिला. मराठीवाद्यांना तो निकाल आजही बोचतो, ते वेगळं.

हुजूर पक्षाकडे २०१९ नंतर असं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

आता तिकडे 'परत जाऊ या' म्हणणारे वाढलेत, पाहण्यांमध्ये ब्रेक्झिट चूक होती म्हणणारे बरेच पुढे आहेत आणि पुन्हा सार्वमत घ्या अशी कुजबुज सुरू झालीय. २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले मजूर नेते स्टार्मर यांनी त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यातच एकल बाजारपेठ नाही, सीमाशुल्क संघ नाही, मुक्त संचार नाही असं लिहून स्वतःचे हात बांधून घेतले, मे २०२५ मध्ये ब्रुसेल्सशी थोडा समेट केला आणि तेवढ्यावर युरोपीय मच्छीमारांना २०३८ पर्यंत परवानगी दिली म्हणून शिव्या खाल्ल्या. त्यांच्या पक्षाची ती जुनी वाटणी अजून तशीच आहे, शहरं एकीकडे आणि खाणीची गावं दुसरीकडे, फक्त शहरातले आता ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅटांकडे बघतायत आणि गावातले रिफॉर्मकडे. अशा वेळी मजूर पक्षातल्याच कुणाला तरी वाटणार की चला, एकदाचं लोकांनाच विचारून टाकू, आपला वाद मिटेल. माझं म्हणणं, विचारा की, पण आधी कायदा करा की असं मत कधी घ्यायचं, किती बहुमत लागेल, आणि ब्रुसेल्सशी ठरलेला मसुदा टेबलावर असल्याशिवाय मतपत्रिका छापायची नाही. आणि हा कायदा अशा संसदेत करा जिथे त्या प्रश्नावर कुठल्याच पंतप्रधानाची खुर्ची डुगडुगत नाहीये, म्हणजे आत्ता तरी नाही.